जळकं ऑईल ट्रॅक्टरचं, कुत्र्याचं नाही



परवा राशीनच्या रस्त्यानं कर्जतला येताना एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो. लिंबाची बाग बघत राहावी अशी. ठिबकच्या नळ्या सरळ, माती परीक्षणाचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला लावलेला. आणि चिंचेखाली एक कुत्रं पडलेलं. लांबून वाटलं काळंच आहे. जवळ गेलो तर वास आला. ट्रॅक्टरचं जळकं ऑईल, नाकापासून शेपटीपर्यंत फासलेलं. त्याच्यावर धूळ बसून अंगाला लेप झालेला. दुपारचं ऊन, कुत्र्याची जीभ हातभर बाहेर.

तात्या म्हणाले, "लूत झालीय रे. फासलंय ऑईल. आठ दिसांत बघ, कुत्रं नवं कोरं."

मी म्हणालो, "तात्या, लिंबावर कोळी पडला तर बागेत ऑईल ओताल का?"

"लिंबाचं येगळं."

"काय वेगळं? लुतीचा किडा पण कोळीच आहे. आठ पायांचा, डोळ्याला न दिसणारा."

यावर आमचं जे सुरू झालं ते चहा होऊनही संपलं नाही. उरलेलं इथं लिहितो. तात्यांचा नातू वाचून दाखवीलच.

माझं म्हणणं एवढंच आहे. पिकाच्या बाबतीत आपण जी अक्कल वापरतो, तीच दारातल्या कुत्र्याच्या बाबतीत वापरत नाही. पिकावर आधी कीड ओळखतो, मग औषध ठरवतो. कुत्रं खाजवायला लागलं की मात्र हाताला येईल ते ओततो. ऑईल, डिझेल, गोठ्यातलं गोचिडाचं औषध, पंपात उरलेलं कीटकनाशक. आणि कुत्रं मेलं तर म्हणतो, लूतच तशी होती.

हे मी उंटावर बसून बोलत नाही. हे पाप मी केलेलं आहे. आमचा राजा होता, तांबडा गावरान. पिसवांनी बेजार झालेला. कपाशीवर मारून उरलेलं क्लोरपायरीफॉस घरात होतं. बादलीत थोडं टाकलं आणि त्याला अंघोळ घातली. थोडंच टाकलं होतं, असं मी पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होतो. तासाभरात तोंडातून लाळेच्या तारा, मग जुलाब, मग पाय थरथरायला लागले. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. डॉक्टर येईपर्यंत संपला. डॉक्टर रागावले नाहीत. डबा हातात घेऊन एवढंच विचारलं, "यावर कुठल्या पिकाचं नाव लिहिलंय?" मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

"पण ऑईलनं बरं होतं की!"

हे मला प्रत्येक जण सांगतो, आणि खोटं सांगत नाही. काही कुत्री बरी होतात. का होतात ते समजून घ्या.

लहान पिल्लांना तोंडाजवळ, डोळ्याभोवती, पुढच्या पायावर केस गेलेले चट्टे पडतात. ही डेमोडेक्स नावाच्या कोळ्याची लूत. चट्टे थोडेच असतील तर बहुतेक पिल्लं एक-दोन महिन्यांत आपोआप बरी होतात. त्या काळात तुम्ही ऑईल लावा, शेंदूर लावा, नाहीतर काहीच लावू नका. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि नाव होतं ऑईलचं.

दुसरी गोष्ट, तेलकट थरात वरवरचे काही कोळी गुदमरतात. थोडे दिवस खाज कमी वाटते. पण खरुजेचा कोळी कातडीत बोगदा करून अंडी घालतो. अंडी तशीच राहतात. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारा कोळी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. मग खरूज परत येते आणि आपण म्हणतो, ऑईल कमी पडलं, अजून लाव.

तिसरी गोष्ट, बरी झालेली कुत्री सगळ्यांना माहीत असतात. मेलेल्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. इंजिनात जळून आलेल्या ऑईलमध्ये झिजलेल्या धातूचे कण असतात, इंधन जळून तयार झालेली घाण असते. कुत्रं अंग चाटतं, ते पोटात जातं. उलटी झाली आणि फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया. खाजवून सोलवटलेल्या कातडीला आग होते ती वेगळीच.

"बापजाद्यांपासून चालत आलंय" हे तर बोलूच नका. आपल्या पणजोबांच्या दारात ट्रॅक्टर कुठं होता? ते गंधक वापरायचे, करंजीचं तेल वापरायचे. गंधकाचा इलाज खरा आहे. चुना आणि गंधकाचं द्रावण आजही पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहे, पण ठरलेल्या प्रमाणात. द्राक्षावर मारायचं ८० टक्के गंधक मुठीनं चोळायचं, असं त्यात लिहिलेलं नाही.

खरूज कोळ्यामुळं होते हे इटलीतल्या बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून १६८७ साली लिहून ठेवलं. तेव्हा आपल्याकडं संभाजी महाराजांची मोगलांशी लढाई चालू होती. इतकी जुनी गोष्ट आहे ही. आणि आपण अजून म्हणतो, कुत्र्यानं गोड खाल्लं म्हणून लूत लागली.

डब्यावर त्रिकोण बघता ना?

लाल, पिवळा, निळा, हिरवा. आपल्या पोरांनाही पाठ आहे. डब्यावर पीक लिहिलेलं असतं, कीड लिहिलेली असते, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. कुत्रं कुठंच लिहिलेलं नसतं.

काही जण म्हणतात, "अहो, कुत्र्याच्या औषधात पण फिप्रोनिल असतं, शेतीच्या औषधात पण फिप्रोनिलच. मग काय फरक?" फरक प्रमाणात आहे आणि ते कशात विरघळवलंय त्यात आहे. शेतीच्या ईसी औषधात जे द्रावक असतं ते पानासाठी असतं. कातडीला ते भाजतं, आणि विष आत घेऊन जातं. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ आहे. वर त्याला चाटायची सवय.

फोरेटवर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानं ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरी कुणाकुणाच्या माळ्यावर जुना पुडा आहे आणि तो कुत्र्याच्या जागेवर पिसवांसाठी टाकला जातो, हे मला माहीत आहे. त्याच जागेवर आपली नातवंडं रांगतात.

आधी कुठं खाजवतंय ते बघा

पिकात फेरी मारताना आपण पान उलटं करून बघतो. तसं कुत्रं उलटं करा. उन्हात घ्या, पाच मिनिटं द्या.

– शेपटीच्या बुडाशी आणि कंबरेवर खाज, केसांत काळी भुकटी. ती भुकटी ओल्या पांढऱ्या कापडावर टाका. तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. काही कुत्र्यांना पिसवाच्या लाळेचीच ॲलर्जी असते. अशा कुत्र्याला दोन-चार पिसवा चावल्या तरी ते रात्रभर खाजवतं. म्हणून "पिसू तर दिसत नाही" हा पुरावा नाही.

– कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायाचे घोटे, पोट. भयंकर खाज, जाड खपल्या. ही खरूज. एकाकडून दुसऱ्या कुत्र्याला जाते. घरात कुणाच्या हातावर, पोटावर पुरळ उठलं असेल तर ते पण डॉक्टरांना सांगा. माणसाच्या अंगावर हा कोळी फार काळ टिकत नाही, कुत्रं बरं झालं की बहुतेक वेळा आपलंही थांबतं.

– केस गेलेत पण खाज फारशी नाही. पिल्लू असेल तर डेमोडेक्स. मोठं कुत्रं असेल, दोन्ही बाजूंनी सारखेच केस गेलेले असतील, सुस्त आणि जाड झालं असेल तर थायरॉइडसारखं आतलं कारण असू शकतं.

– गोल चट्टा, कडेला लालसर. नायटा असू शकतो. हा माणसाला लागतो, पोरांना आधी.

– पाय चाटत बसणं, काखा लाल, कान सारखे हलवणं, कानाला वास. दरवर्षी ठरावीक दिवसांत, नाहीतर बारा महिने. इथं ॲलर्जीचा संशय घ्या.

– आंबूस वास, तेलकट काळी पडलेली कातडी. वर बुरशी आणि जंतू बसलेत. ते मूळ दुखणं नाही, मागून आलेले पाहुणे आहेत. पण त्यांना घालवल्याशिवाय खाज थांबत नाही.

आता सांगा, या सहा प्रकारांना एकच ऑईल कसं चालेल? करप्याला आणि फुलकिड्याला तुम्ही एकच औषध मारता का?

डॉक्टर कातडी खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. डेमोडेक्स त्यात बहुतेक सापडतोच. खरुजेचा कोळी मात्र निम्म्याहून जास्त वेळा सापडत नाही. म्हणून काचेवर नाही दिसला तरी लक्षणं बघून डॉक्टर खरुजेचे उपचार करतात. हे अंदाजपंचे नाही, शास्त्र आहे.

एक सुई मारा आणि मोकळं करा

ऑईलवाल्यांइतकाच माझा राग या मागणीवर आहे. सुई मारणारा तर दोषी आहेच. पण मागणारे आपण आहोत.

आयव्हरमेक्टिन हे चांगलं औषध आहे. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते आलं, आणि त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. आपण मिरचीवरच्या कोळ्याला मारतो ते ॲबामेक्टिन त्याच घराण्यातलं. पण गुरांचं एक टक्क्याचं इंजेक्शन ५० किलो वजनाला १ मिली असं असतं. दहा किलोच्या कुत्र्याला कुणी अंदाजानं २ मिली टोचलं तर तो डोस गुरांच्या हिशेबानं दहापट झाला. शिवाय कोली जातीच्या आणि तिच्या रक्ताच्या कुत्र्यांत एक दोष असतो, औषध थेट मेंदूत जातं. हल्ली वस्तीवस्तीवर जातिवंत आणि गावरान यांची मिसळ झालेली आहे. कुणाच्या रक्तात काय, कुणाला माहीत? म्हणून वजन करा, आणि टोचणारा माणूस डॉक्टरच असू द्या.

दुसरी सुई स्टिरॉइडची. सकाळी टोचली की संध्याकाळी खाज बंद. मालक खूश. पण कारण तसंच आत. कोळ्याची लूत असेल तर स्टिरॉइडनं शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि लूत आणखी फोफावते. स्टिरॉइड वाईट नाही. ॲलर्जीत डॉक्टर विचार करून कमीत कमी मात्रेत देतात. पण आधी कोळी नाही याची खात्री करून.

आता महिनाभर किंवा तीन महिने काम करणाऱ्या गोळ्या आल्यात. पिसवा, गोचीड, खरूज, डेमोडेक्स, सगळ्यावर चालतात. स्वस्त नाहीत. कुत्र्याला फीट येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. पण एक गोळी आणि ऑईल-डिझेल-सुई-पुन्हा ऑईल या सहा महिन्यांच्या खेळाचा हिशेब एकदा मांडून बघा.

आणि काहीही करा, वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्यांवर एकदम करा. एकाला औषध आणि तिघं तशीच, म्हणजे एका सरीवर फवारणी आणि बाकीचं रान मोकळं.

कुत्र्यापेक्षा जागा आजारी असते

पिसवांपैकी अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकी सगळी अंडी, अळ्या, कोष गोणपाटात, चुलीमागच्या मातीत, कडब्याखाली असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. कोष महिनोन्‌महिने थांबू शकतो. कुत्र्याचा गोचीड भिंतीच्या फटीत चढून बसतो. म्हणून कुत्रं धुऊन पुन्हा त्याच गोणपाटावर झोपवलं की काम वाया.

गोणपाट उकळत्या पाण्यात घाला, कडक उन्हात टाका, नाहीतर जाळा. खताचं, औषधाचं पोतं तर अंथरायचंच नाही. जागा झाडून वरची माती काढून टाका, फटी लिंपा. आपल्या कर्जतच्या उन्हाचा इतर वेळी शापच वाटतो, इथं तरी त्याचा उपयोग करून घ्या.

ॲलर्जी बरी होत नाही, सांभाळावी लागते

हे कुणालाच ऐकायचं नसतं. चोपण जमीन एका पावसात सुधारते का? जिप्सम, निचरा, सेंद्रिय खत, वर्षानुवर्षं करत राहावं लागतं. ॲलर्जीचं कुत्रं तसंच.

क्रम लक्षात ठेवा. आधी परजीवी घालवा. मग जंतू आणि बुरशी. तरी खाज उरली तर खाणं तपासा. सगळं करून उरली ती हवेतल्या, गवतातल्या, धुळीतल्या गोष्टींची ॲलर्जी. ही बहुतेक कुत्र्यांत सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. हा क्रम सोडून थेट "ॲलर्जी आहे" म्हणणारा आणि थेट ऑईल लावणारा, दोघं सारखेच.

खाण्याबद्दल बोलायचं तर गोड, मीठ, गूळ यांनी लूत लागत नाही. खाण्याची ॲलर्जी असते ती बहुतेक प्रथिनांची. दूध, कोंबडी, गोमांस, गहू ही त्यातली नेहमीची नावं. तपासायचं तर आठ आठवडे कुत्र्यानं पूर्वी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच धान्य द्यायचं. मध्ये एक चिकनचा तुकडाही नाही. मग जुनं खाणं परत सुरू करून खाज येते का बघायचं. वस्तीवर हे अवघड आहे, मान्य. शेजारच्या ढाब्यामागं जाणारं कुत्रं आठ आठवडे बांधणार कोण? पण हे केल्याशिवाय "याला दूध सोसत नाही" असं छातीठोक सांगू नका.

गाजर गवताचं तर आपल्याला सांगायलाच नको. उपटताना आपल्याच हाताला फोड येतात. उघड्या पोटानं त्यात लोळणाऱ्या कुत्र्याच्या पोटाला पुरळ आलं तर आधी घराभोवतीचं गाजर गवत फुलायच्या आत काढा. त्यातून पिकाचाही फायदा आहे.

रोजची कामं साधी आहेत. रानातून आल्यावर पाय आणि पोट साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करणं. डॉक्टरांनी दिलेला शाम्पू आठवड्यातून एकदा, अंगावर दहा मिनिटं ठेवून मग धुणं. आपला साबण, डेटॉल, निरमा नको. पिसवांचा बंदोबस्त बाराही महिने. एवढ्यानंही खाज निम्मी उतरलेली मी बघितलीय. आमची सध्याची कुत्री चार वर्षं अशीच सांभाळतोय. अजून पावसाळ्यात पाय चाटते. पण रात्री झोपते, आणि आम्हाला झोपू देते.

हा फक्त कुत्र्याचा विषय नाही

आपल्या तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. त्याच्या आजूबाजूच्या माळावर लांडगा, खोकड, कोल्हा फिरतो. आपलं लुतभरं कुत्रं घरातून हाकललं की ते माळावरच जातं. खरूज या सगळ्या प्राण्यांना लागू शकते. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या एका राष्ट्रीय उद्यानात याच कोळ्यानं वॉम्बॅट नावाचे प्राणी जवळजवळ संपवले. माळावरच्या खोकडाला डॉक्टर कोण दाखवणार? म्हणून लूत झालेलं कुत्रं हाकलू नका, बांधा आणि बरं करा.

कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. मेळाव्यात तुम्ही औषधांची सुरक्षित हाताळणी शिकवता. मास्क सांगता, हातमोजे सांगता. उरलेलं औषध जनावरावर टाकू नका, हे एक वाक्य त्यात घाला. शेतकरी तुमचं ऐकतो. दुकानात "कुत्र्याच्या गोचिडाला काहीतरी द्या" असं कुणी म्हणालं तर डबा काढू नका, दवाखान्याचा रस्ता दाखवा. शासनाचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. आणि प्राण्याला जाणूनबुजून अपायकारक पदार्थ देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, हेही कानावर असू द्या.

ऑईल लावून झालंच असेल तर रॉकेल, पेट्रोलनं पुसू नका. आधी खायचं तेल चोळून ते सैल करा, मग भांडी घासायच्या पातळ साबणानं कोमट पाण्यात दोन-तीनदा धुवा. चाटू देऊ नका, उलटी करायला लावू नका. कीटकनाशक लावलं असेल तर हातमोजे घालून धुवा आणि डब्यासकट दवाखाना गाठा. डबा विसरू नका, डॉक्टरला नाव लागतं.

खंडोबाच्या पायाशी कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री, भैरवनाथाचं तर वाहनच कुत्रं. देवळात हात जोडतो आणि घरी येऊन ऑईलचा डबा उचलतो. रात्री कांद्याच्या ऐरणीवर कोण बसतं? शेळ्यांच्या वाड्याभोवती कोण भुंकतं?

तात्या, काल संध्याकाळी तुमच्या नातवाचा फोन आला होता. कुत्रं धुतलं म्हणाला, तीन वेळा. ऑईलखाली कानाच्या कडांना जाड खपल्या निघाल्या. उद्या सकाळी दवाखान्यात न्यायचंय. गाडी मी आणतो. तुम्ही फक्त वस्तीवरची बाकीची दोन कुत्री पण बांधून ठेवा, तिघांना बरोबरच नेऊ.